शी-आत्या

४ जानेवारी

परत आलेल्या अस्वलांची खोकी आज उघडली. न खपलेला माल परत पाठवताना दुकानदारांनी तो निदान झटकून पाठवावा, तर तेवढीही रीत उरलेली नाही. एका खोक्यात उंदरीण व्यायली होती. अस्वलाचं पोट कुरतडून, आतला कापूस उपसून, त्यात पिल्लं. गुलाबी, बिनकेसांची, वळवळणारी. मी तशीच मोरीवर गेले आणि कोपरापर्यंत हात धुतले, तरी दुपारी घास तोंडाशी नेववेना.

धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, कुणाला तरी आवडली की आपली अस्वलं."

कारखान्याचा मालक बोलतो हे.

७ जानेवारी

नव्या हिशेबनिसाने विचारलं, लाल टाका म्हणजे काय. आठवडाभर इथे बसतो आणि हे त्याला माहीत नाही. सांगितलं. कुठलंही नवं खेळणं आधी नमुना म्हणून एकच शिवतात. तो माझ्या टेबलावर येतो. मी तो गालाला लावते, टोचत नाही ना बघते, डोळे ओढते, शिवण नखाने उकलून बघते. पटला तर त्याच्या तळपायाला लाल दोऱ्याचा एक टाका घालते. तो टाका पडल्याशिवाय शिवणखात्यात कापडाला कात्री लागत नाही. बाबांनी जाताना मालकी धाकट्याला दिली आणि टाका मला.

"आणि मुलांना दाखवून बघता का?" त्याने विचारलं.

पोरांना? कारखान्यात पांढरं लोकरी कापड उघड्यावर पसरलेलं असतं. पोरांचे हात म्हणजे नाकातून निघाले ते तोंडात आणि तोंडातून निघाले ते कापडावर. या फाटकाच्या आत आजवर एकही पोर आलेलं नाही, हीसुद्धा बाबांचीच शिस्त. त्याला विचित्र वाटलं असावं. वाटू दे.

१५ जानेवारी

शीतगृहवाला येऊन गेला. त्याला आमची इमारत हवी आहे, गोठवलेलं मांस साठवायला. दात कोरत कोरत सगळीकडे फिरला आणि कोरलेलं बोट शिवणखात्याच्या टेबलाला पुसलं. त्याच टेबलावर आमच्या सशांचे कान कापतात.

धाकटा नाही म्हणाला नाही. पावसाळ्यापर्यंत मागण्या आल्या तर ठीक, नाही तर विकून मोकळं व्हायचं, असं म्हणाला. टाचणीबाई, म्हणजे शिवणखात्याची मुख्य, एरवी दिवसभर ओठांत टाचण्या धरून असते. आज त्या काढून गप्प बसली होती, म्हणजे तिनेही ऐकलं. त्या खात्यातल्या बायका जातील कुठे? आणि मी? माझ्या गालाला आणि नखाला दुसरीकडे कोण पगार देणार?

२२ जानेवारी

धाकट्याची मुलगी नोकरी सोडून आली आहे, कंपनी वाचवायला. कानामागून आली आणि तिखट झाली, असं म्हणणार होते, पण तिखटाला निदान चव असते. हिने पहिल्याच आठवड्यात माझ्या टेबलावर काय ठेवलं, तर एक गुबगुबीत हिरवा प्राणी. नाव शेंबड्या.

"आत्या, नाक ओढ ना त्याचं."

"का?"

"ओढ तर."

ओढलं. दोन्ही नाकपुड्यांतून हिरवा, गार, लिबलिबीत चिकटा माझ्या बोटांवर उतरला आणि तुटेचना. मनगटापर्यंत लोंबत राहिला.

"घाण वाटली?" तिने विचारलं.

"किळस आली."

"खूप?" आणि मी खूप म्हटल्यावर पोरीचा चेहरा फुलला. माझ्या भावाची मुलगी आहे ही. लहानपणी हिचे हात मीच धूत असे, आणि काय शिकली, तर हे.

टाका घातला नाही, हे सांगायला नकोच.

३ फेब्रुवारी

आजचा दिवस मी विसरणार नाही. विसरायचा प्रयत्न मात्र करीन.

भाचीने पोरं आणली. शेजारच्या शाळेतली घोळकाभर आणि टाचणीबाईची नात. खरा शेंबड्या तर तीच. वरच्या ओठावर दोन समांतर रेघा, आणि त्या पुसायची गरज तिला वाटत नाही, जिभेने भागवते. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात. इथे शेंबडावरून कंपनीची.

तर परीक्षेत शेंबड्या नापास झाला. पोरांनी नाक ओढलं, हसली, एकमेकांना चिकटा फासला. पण ज्याला फासला त्याला काहीच वाटेना, मग फासणाऱ्यालाही मजा येईना. दुसऱ्या खेळासाठी भुणभुण सुरू झाली. भाचीचं तोंड उतरलं.

मी फक्त कापडावर चादरी टाकल्यात ना, ते बघायला आत गेले होते. ती नात हिरवा पंजा पुढे करून माझ्याकडे आली.

"शी! दूर हो. कोटाला लावशील तर बघ."

तिने लावलं. मी आणखी एक पाऊल मागे गेले आणि पुन्हा शी म्हटलं. तेवढंच पुरलं. सगळा घोळका माझ्या मागे. कापणीच्या टेबलाभोवती किती फेऱ्या झाल्या, देव जाणे. अंबाडा सुटला, गुडघा आपटला, शेवटी गोदामात शिरून आतून कडी लावली, तर बाहेरून दार बडवत, किंचाळत, हसत उभी. माझ्या वयाच्या बाईला हे शोभतं का? जाताना त्यांच्यातला एक धाकट्याला विचारत होता, "ती शी-आत्या उद्यापण असेल?"

कोट गार पाण्यात बुडवला, चिकटा पहिल्याच पाण्यात निघाला. कारखान्यातल्या आमच्या पांढऱ्या कोटांचं कापड मीच निवडलेलं आहे. रात्री झोप छान लागली, अर्थात दमणुकीमुळे.

१२ फेब्रुवारी

शेंबड्या बारगळला. पण भाची काही सुधारलेली नाही. रोज काहीतरी घेऊन माझ्या टेबलाशी येते. परवा कानातल्या मळासारखं मेण. काल खपली निघणारी जखम. आज वाटीत रबरी डोळे, बुळबुळीत, हाताला लागले की गळणारे. "आत्या, जरा बघून सांग ना." मी बघते, मला मळमळतं, मी शी म्हणते, ती आभार मानून जाते. फोन तेवढा दोऱ्याच्या रिळाला टेकवून उभा ठेवते. किती वाजले ते बघायला असेल. आजकालच्या मुलांना घड्याळ बांधवत नाही.

२० फेब्रुवारी

टाचणीबाईने आज माझ्या अंबाड्याचं माप घेतलं. मी विचारलं, कशाला? तर ओठांतल्या टाचण्या दाखवून बोलता येत नाही अशी खूण केली. मग भाचीने चष्म्याच्या काड्यांचं माप घेतलं. धाकटा माझी नजर चुकवतो.

मी काही दुधखुळी नाही. मला निरोप देणार आहेत. कारखाना विकायचा ठरला असणार, आणि त्याआधी मोठ्या बाईंची तसबीर नाही तर पुतळा, दोन शब्द, एक हार. मेल्या म्हशीला मणभर दूध. मला असल्या गोड गोड समारंभांचा उबग येतो. तसबीर करायचीच असेल तर अंबाडा नीट बांधलेल्या दिवशी करावी, म्हणून आज जरा लवकर उठले.

२ मार्च



टेबलावर फडक्याखाली नमुना होता. धाकटा, भाची, टाचणीबाई, तिघंही उभी. मी फडकं काढलं. बाहुली. पांढरा कोट, बांधलेला अंबाडा, काळ्या काड्यांचा चष्मा, आणि कडू काढा प्यायल्यासारखे आवळलेले ओठ. भाचीने चिकट्याचं बोट तिच्या गालाला लावलं. बाहुलीने मान मागे घेतली, दोन्ही हात वर केले आणि बोलली, "शी! दूर हो. हात धुतलेस का?"

माझा आवाज. फोन वेळ बघायला नव्हता.

"माझं तोंड असं असतं?" मी विचारलं.

धाकट्याने फडक्याची घडी घालायला घेतली. टाचणीबाईच्या तोंडात टाचण्या होत्या, तिचं बरंच भागलं.

"आत्या, पोरांना शेंबड्या नको होता," भाची म्हणाली. "त्यांना किळस येणारं माणूस हवं होतं. ते आम्हाला तुझ्यामुळे कळलं. तू म्हणजे..."

"टाका पडणार नाही," मी म्हटलं आणि घरी निघून आले. चौकात पोचेपर्यंत माझे ओठ तसेच आवळलेले होते, ते मला पहिल्यांदाच जाणवलं आणि सोडता सोडवेनात.

४ मार्च

धाकटा घरी आला. खुर्चीच्या कडेवर बसला, लहानपणी काहीतरी फोडून आल्यावर बसायचा तसा.

"ताई, तुझ्या मनाविरुद्ध नको. तू नाही म्हणालीस तर नाही. शीतगृहवाल्याला हो म्हणतो."

"म्हण."

"पोरीने चेष्टा म्हणून नाही केलं गं."

"मग काय आरती म्हणून केलं?"

तो म्हणाला, "ती मुलं अजून फाटकाशी येतात. शाळा सुटली की. वॉचमन हाकलतो त्यांना."

"कशाला येतात?"

"विचारतात, शी-आत्या आहे का."

"कशाला पण?"

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि उत्तर न देता उठला. चहासुद्धा घेतला नाही. या माणसाला सरळ प्रश्नाचं सरळ उत्तर देता येत असतं तर कंपनी बुडाली नसती.

त्या बाहुलीची कॉलर वाकडी आहे. डावी बाजू वर चढलेली. माझी कॉलर जन्मात कधी वाकडी नव्हती. आडवी झाले तरी डोळ्यांसमोर तीच येते आहे.

५ मार्च

सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन कॉलर उसवली आणि स्वतः शिवली. टाचणीबाई आली, बघितलं, गुपचूप शेजारी बसून दोरा ओवून द्यायला लागली.

मग आवाज. त्या "शी"मध्ये खोकला आला आहे आणि ऐकून वाटतं, बाईला झोप येते आहे. अशी शी कुणी म्हणतं का? ती पोटातून यावी लागते. भाचीला म्हटलं, पुन्हा घे. तिने ती डोळ्यांची वाटी आणली. मी बघितलं आणि म्हटलं. बाहेर हिशेबनीस खुर्चीवरून उठून उभा राहिला.

आणि कापड. कोटासाठी यांनी मिळेल ते स्वस्तातलं घेतलेलं. चिकट्याचा हिरवा डाग दोनदा धुऊनही राहिला. मी चिडले. डागाळलेली बाई कशाला शी म्हणेल? तिला शी म्हणायचा अधिकारच काय? ती धुतली की पहिल्यासारखी लख्ख झाली पाहिजे, तरच दुसऱ्या दिवशी परत शी. आवाजाची डबी पाठीच्या खिशात घाला, धुताना काढता येईल. आणि कापड आमच्या कोटाचंच लावा.

भाची माझ्याकडे बघतच राहिली. "आत्या, हेच. एकदा घाण झाली की खेळ संपत होता. हेच तर सापडत नव्हतं."

मी स्वच्छतेबद्दल बोलत होते. हिला त्यात काय सापडलं, कोण जाणे.

टाका घातला. दोन वेळा दोरा निसटला. चष्म्याचा नंबर बदलून घ्यायला हवा.

१८ एप्रिल

महिनाभर लिहायला फुरसत झाली नाही. बाहुली खपते आहे. दुकानदार फाटकाशी येऊन उभे राहतात, तेच, ज्यांनी उंदीर पाठवले होते. परत आलेली अस्वलं उसवून त्यांचा कापूस धुऊन वाळवून बाहुल्यांत भरला. रोज पोटं फाडलेल्या अस्वलांचा ढीग बघून मला शिसारी येते, पण टाकून काय करणार. शिवणखात्यात दोन पाळ्या चालतात. शेंबड्यासाठी केलेला चिकटा डब्यांत भरून वेगळा विकतात. "बाहुली घरात एकदा येते आत्या, चिकटा संपला की परत येतो," असं भाची म्हणते. घाण विकून घर चालवायचे दिवस आले. बाबा नाहीत तेच बरं.

काल रस्त्यात एक पोर "शी-आत्या" ओरडत धावत आलं. हातात बर्फाची कांडी, कोपरापर्यंत लाल ओघळ. माझ्या बाहीलाच धरलं. मी शी म्हटलं, दुसरं काय म्हणणार? त्याची आई माफी मागत होती आणि ते खिदळत होतं. अख्खी बाही लाल.

हल्ली बाहेर जातानाही मी पांढरा कोटच घालते. धुवायला सोपा पडतो.

९ जून

मोठ्या दुकानांच्या साखळीचा खरेदीदार आला होता. सतत हसतो, दातांना साय लागल्यासारखं. याने माल उचलला तर कारखान्याची चिंता मिटली. नाही उचलला, तर आत्ताचा भर ओसरल्यावर पुन्हा मांस गोठवणारा दारात. धाकट्याने त्याच्यासाठी नवा सदरा घातला होता.

त्याला सगळं पसंत पडलं. फक्त एक बदल. "शेवटी तिने हसायचं. हात पसरायचे. 'ये बाळा' म्हणायचं. आईबापांना शेवट गोड लागतो हो. नाहीतर बाई फारच खडूस वाटते."

धाकटा मान हलवायला लागला. भाचीसुद्धा. मी म्हटलं, "टाका पडणार नाही."

"आत्या, एवढंच तर मागतायत ते."

"एवढं नाही ते. ती हसली की खेळ संपला. पोरं तिच्या मागे लागतात, कारण ती नको म्हणते. ये म्हटल्यावर कोण येतं? गोड बाहुल्यांनी आपलं गोदाम भरलं होतं, विसरलात?"

खरेदीदार हसतच म्हणाला, "बाई, तुम्हाला मुलं किती?"

"नाहीत. तुम्ही खेळण्याचं विचारा."

धाकटा जमिनीकडे बघायला लागला. का कोण जाणे. मी चुकीचं काहीच बोलले नव्हते. शेवटी ठरलं की हसरी शिवून दोन्ही बाहुल्या पोरांपुढे ठेवायच्या. घोडामैदान जवळच आहे.

१० जून

मन थाऱ्यावर नाही. मी हटून बसले आणि त्याने पाठ फिरवली तर सगळ्या बायकांच्या पोटावर पाय माझा. टाचणीबाई जेवणाच्या सुट्टीत म्हणाली, "बाई, हसली तर काय बिघडतं?" मी म्हटलं, तुला नाही कळायचं. ती म्हणाली, "मला कळतंय ते तुम्हाला कळतंय का, ते बघतेय." कोडी घालायची सवय या बाईला कधीपासून लागली?

१४ जून

परीक्षा झाली.

हसरी छान झाली होती, मान्य करते. टाचणीबाईने ओठांच्या कडा इतक्या हलक्या हाताने वर उचलल्या होत्या की मला माझेच ओठ ओळखू आले नाहीत. हात पुढे पसरलेले. गालाला लावून बघितली, शिवण निर्दोष. पण टाका घातला नाही.

पोरं आत आली. नातीने पहिल्यांदा हसरीच उचलली. बाहुलीने "ये बाळा" म्हटलं. नातीने तिला जवळ घेतलं, "छान आहे," म्हणाली आणि खुर्चीवर नीट बसवून ठेवली. मग आवळलेल्या ओठांची हातात घेतली आणि चिकट्याच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला. पुढचं लिहायला नको. ती बाहुली या हातातून त्या हातात, शी शी ओरडत, खोलीभर. एक लोळा उडून खरेदीदाराच्या पांढऱ्या पँटवर बसला आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "शी!"

सगळी पोरं थांबली. वळून त्याच्याकडे बघितलं.

तो पळाला हे मी बघितलं. दात एकदाचे झाकले गेलेले बघून बरं वाटलं. गोदामाच्या दाराला आतून कडी लावल्याचा आवाज आला. बाहेर आला तेव्हा अंगभर हिरवा होता आणि श्वास लागलेला होता. धाकट्याला म्हणाला, "तीच द्या. शीवाली." कागद तिथेच पुरे झाले. शिवणखात्यातल्या बायका रडत होत्या, एकमेकींना मिठ्या मारत होत्या, घामेजलेल्या. भाचीने मलाही मिठी मारली. सगळा चिकटा माझ्या मानेला लागला. तिला सांगितलं, आधी हात धू. तिने सोडलं नाही, आणि मीही दोनदा सांगितलं नाही, कारण ती ऐकणाऱ्यातली नाहीच.

हसऱ्या नमुन्याला टाका नाही, म्हणजे तो उसवून टाकायचा. टाचणीबाईने कात्री खाली ठेवली. "तुमचं तोंड आहे बाई. माझ्याने नाही होणार." मग काय, पिशवीत घालून घरी आणला. आता समोरच्या खुर्चीत बसवला आहे. अंबाडा नीट, कॉलर सरळ, हात पुढे. दिवसभर पोरांनी भरलेल्या खोलीत होती आणि अंगावर एक बोट उमटलेलं नाही, एक डाग नाही. सकाळी शिवून आली तशीच आहे. बघवत नाही. उंदराची पिल्लं बघूनसुद्धा मला इतकी किळस आली नव्हती. मघाशी उठून खुर्ची भिंतीकडे फिरवली. तिकडे तोंड करून तरी हसतच असणार मेली.